‘पासून’ ते ‘पर्यंत’

१ जानेवारी १९८२ हा शुक्रवार होता. गिरणी कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला तो सतरा दिवसांनी, १८ जानेवारीच्या सोमवारी. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या हजारोंसाठी गिरणीचं फाटक पुन्हा उघडलंच नाही. लालबाग, काळाचौकी, डिलाईल रोड भागातल्या जुन्या माणसाला संपाची तारीख विचारा, तो १८ जानेवारीच सांगेल. त्याच्या घराचा निकाल मात्र १८ तारखेवर लागत नाही, १ तारखेवर लागतो. गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांसाठी पात्र कोण, तर १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर ज्याचं नाव गिरणीच्या हजेरीपटावर होतं तो कामगार, किंवा त्याचा वारस.

एका ओळीची अट. कागदावर वाचली तर कोणालाही कळते. पण ती लाखभर अर्जांना लावायची म्हणजे संगणकाकडून लावून घ्यावी लागते आणि तिथे पोचल्यावर तिचं रूप पालटतं. पडद्यावर दोन चौकोन येतात. एकात ‘या तारखेपासून’, दुसऱ्यात ‘या तारखेपर्यंत’, शेजारी ‘शोधा’ असं बटण. बँकेचं खातं, विजेचं बिल, सोसायटीचा हिशेब, दवाखान्याचे रिपोर्ट, सगळीकडे हेच दोन चौकोन आपण भरतो आणि खाली जी यादी येते ती पूर्ण आहे असं धरून चालतो. ती पूर्ण असेलच असं नाही. यादीत जे आलं ते दिसतं. जे गळलं ते गळलं म्हणून कुठेही लिहून येत नाही. गिरगाव ते दादरच्या पट्ट्यात, जिथे माणसाचं छप्पर तारखेवर ठरतं, तिथे या गळतीकडे जरा थांबून पाहायला हवं.

आधी जमिनीचा हिशेब. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी केली होती: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची झाली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. लोअर परळचे मॉल आणि टॉवर कसे उभे राहिले, हे त्या बदलात वाचायला मिळतं. कामगारांच्या वाट्याला जे उरलं त्यातून सोडती निघाल्या. जून २०१२ मध्ये ६,९२५ घरं. २०१६ मध्ये आधी २,६३४, मग पनवेलजवळच्या कोन इथली २,४१७. १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४. बेरीज १५,८७०. अर्ज मात्र सुमारे पावणेदोन लाख, म्हणजे साधारण अकरा अर्जांमागे एक घर.

पावणेदोन लाख ओळींचा तक्ता संगणकाला किरकोळ आहे. साधा लॅपटॉपही तो डोळ्याचं पातं लवायच्या आत चाळतो. अडचण ओळींच्या संख्येत नाही, एकेका ओळीच्या पोटात आहे.

समजा, एक कामगार आहे. १९६१ मध्ये साचेखात्यात बदली म्हणून लागला. १९६८ मध्ये कायम झाला. १९८१च्या डिसेंबरात गावी गेला. १९८४ मध्ये त्याचा हिशेब झाला, प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे हातात आले १९८६ मध्ये. गिरणी रीतसर बंद झाली २००१ मध्ये. घरासाठी अर्ज केला २०१० मध्ये, आणि तो अर्ज कुणीतरी संगणकात भरला आणखी काही महिन्यांनी. एका माणसाच्या ओळीत आठ तारखा झाल्या. ‘१ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर’ ही अट यांतल्या कोणत्या तारखेला लावायची?

घाईत काम करणारा प्रोग्रामर ‘कामावर लागल्याची तारीख’ हा रकाना पकडतो, कारण तो सहसा भरलेला असतो. तसं केलं की १९८२च्या आधी लागलेले सगळे बाद. म्हणजे ज्यांनी संप केला ते जवळपास सगळेच. इतकी ढळढळीत चूक पहिल्याच चाचणीत पकडली जाईल, पण तिची धाकटी भावंडं पकडली जात नाहीत. हजेरीपटावर असणं ही एका दिवसाची घटना नाही, ती मुदत आहे. तिला सुरुवात आहे आणि शेवट आहे. मुदत शोधायची तर दोन्ही टोकं पाहावी लागतात. १९८२ आणि १९८३ या दोन वर्षांत कोण कोण पटावर होतं असं विचारलं, तर बरेच प्रोग्राम त्या दोन वर्षांत लागलेले किंवा त्या दोन वर्षांत सुटलेले एवढेच शोधतात. १९६१ ते १९८४ सलग नोकरी केलेला आपला कामगार दोन्हींत बसत नाही. तो आधी लागला, नंतर सुटला, आणि मधली दोन्ही वर्षं पटावर असूनही यादीत आला नाही. बरोबर प्रश्न असा विचारावा लागतो: ज्याची नोकरी १९८३ संपण्याआधी सुरू झाली आणि १९८२ सुरू झाल्यावरही चालू होती, असा कोण? ऐकायला उलटा वाटतो, पण दोन मुदती एकमेकींना कुठेही शिवत असतील तर हाच प्रश्न त्या पकडतो. गिरणी कामगारांच्या अटीला दुसरं टोक नाही, म्हणून ती यातलं अर्धंच मागते: नोकरी संपल्याची तारीख १ जानेवारी १९८२ किंवा नंतरची आहे का?

आणि नोकरी संपल्याची तारीखच नसेल तर?

संपात गेलेल्या किती जणांकडे राजीनाम्याचं पत्र असणार? कामावर यायचं थांबणं आणि नोकरी संपणं यांच्यामध्ये कागदच नसलेली वर्षं आहेत. बदली कामगाराचं तर आणखी अवघड. तो रोज फाटकावर उभा राहायचा, जागा असेल त्या पाळीला काम मिळायचं, नसेल तर परत. ‘१ जानेवारीला पटावर होता का’ या प्रश्नाचं त्याच्यापाशी हो किंवा नाही असं सुटसुटीत उत्तर नाही. अशा वेळी डेटाबेसमध्ये तो रकाना रिकामा राहतो. प्रोग्रामर त्याला ‘नल’ म्हणतात. नलचा स्वभाव विचित्र आहे. तारीख अमुक दिवसानंतरची आहे का, असं त्याला विचारलं तर तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. आणि जो हो म्हणत नाही तो यादीत येत नाही. गंमत म्हणजे उलटी यादी मागवली, १ जानेवारी १९८२च्या आधीच नोकरी संपलेल्यांची, तरी तो तिथेही नसतो. पात्रांत नाही, अपात्रांतही नाही. नाकारलेल्या माणसाला निदान दाद मागता येते. हा नाकारलेला नसतो, तो पडद्यावर आलेलाच नसतो.

म्हणून कामगाराकडून कोणते कागद मागितले जातात हे पाहण्यासारखं आहे. गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, सर्व्हिस प्रमाणपत्र, हजेरीपत्रक, रजेचं रजिस्टर, पगारचिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, ईएसआयचा क्रमांक, ग्रॅच्युइटीचा आदेश. सप्टेंबर २०२३ पासून म्हाडाने सोडतीत घर न लागलेल्या सुमारे दीड लाख जणांची पात्रता तपासायची मोहीम काढली, तेव्हा हेच कागद ऑनलाइनही चढवायचे होते. यातला प्रत्येक कागद वेगळ्या तारखेचा साक्षीदार आहे. पगारचिठ्ठी एका महिन्याची. ओळखपत्रावर ते दिल्याची तारीख. फंडाच्या आदेशावर पैसे दिल्याची, आणि ती नोकरी संपल्यानंतर वर्षं-दोन वर्षांनीही असू शकते. तिकीट नंबरावर तर तारीखच नाही, आणि एका गिरणीचा नंबर दुसऱ्या गिरणीत दुसऱ्याच माणसाचा. हे सगळं ‘तारीख’ नावाच्या एका रकान्यात कोंबलं की पुढे कितीही चांगला शोध लिहिला तरी उपयोग नाही. माझं मत स्पष्ट आहे: अशा कामात एका माणसामागे एक तारीख नव्हे, एका कागदामागे एक तारीख ठेवायला हवी, आणि ती कशाची तारीख आहे हे शेजारी लिहायला हवं. काम वाढतं, हे खरं. पण मग नंतरचे हेलपाटे म्हाताऱ्या माणसाला घालावे लागत नाहीत.

लालबागहून गिरगावात आलं की तारखा बदलतात. इथे चाळींची प्रतवारी आहे. १ सप्टेंबर १९४०च्या आधी बांधलेली उपकरप्राप्त इमारत ‘अ’ वर्गात, त्या दिवसापासून ३१ डिसेंबर १९५० पर्यंतची ‘ब’ वर्गात, १ जानेवारी १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची ‘क’ वर्गात. मूळच्या १९,६४२ इमारतींपैकी १६,५०२ पहिल्या वर्गातल्या, १,४८९ दुसऱ्या, १,६५१ तिसऱ्या. पुनर्विकासात भाडेकरू म्हणून हक्क कोणाचा, तर १३ जून १९९६ रोजी ज्याची नोंद होती त्याचा.

हे नियम लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट चोख केली. एक वर्ग ३१ डिसेंबर १९५० ला संपतो आणि पुढचा १ जानेवारी १९५१ ला सुरू होतो. मध्ये फट नाही आणि कुठलाही दिवस दोन्हींकडे नाही. कायद्याचं सर्वांत लहान माप दिवस आहे, म्हणून हे जमतं. संगणकात नोंदीला तारखेबरोबर वेळही चिकटलेली असते, तास, मिनिटं, सेकंद आणि सेकंदाचे दहा लाखावे भागसुद्धा. तुम्ही चौकोनात ‘३१ डिसेंबरपर्यंत’ निवडता तेव्हा तुमच्या मनात ३१ डिसेंबरचा आख्खा दिवस असतो. यंत्र मात्र वेळ दिलेली नाही म्हणून शून्य वाजून शून्य मिनिटं धरतं, म्हणजे ३० तारीख संपून ३१ लागते तो क्षण. त्यानंतर दिवसभरात झालेलं सगळं यादीबाहेर. नेमकं महिनाअखेरीला पगार होतात, भाडी जमा होतात, दुकानांचे हिशेब मिटतात, आणि नेमका तोच दिवस गळतो. जगभरातल्या वेब कार्यक्रमांत तारखेच्या शोधातली ही सर्वांत नेहमीची चूक असावी.

यावर केला जाणारा उपाय अनेकदा चुकीइतकाच कच्चा असतो. शेवटच्या तारखेला रात्रीचे ११ वाजून ५९ मिनिटं ५९ सेकंद जोडून देतात. मग उरलेल्या एका सेकंदात आलेली नोंद पडते. क्वचितच पडते, म्हणून सापडतही नाही. खरा उपाय कायद्याच्या भाषेला थोडा मुरडतो: ‘३१ डिसेंबरपर्यंत’ असं न विचारता ‘१ जानेवारी सुरू होण्याआधी’ असं विचारायचं. सुरुवात धरायची, शेवट सोडायचा. माप दिवसाचं असो की सेकंदाच्या तुकड्याचं, फट राहत नाही. वापरणाऱ्याच्या पडद्यावर ‘पर्यंत’ असंच दिसू द्यावं. एक दिवस पुढे सरकवायचं काम यंत्राचं आहे, माणसाचं नाही.

आणखी एक पळवाट आहे: प्रत्येक नोंदीच्या वेळेतून फक्त तारीख काढायची आणि ती जुळते का ते पाहायचं. उत्तर बरोबर येतं, पण उशिरा येतं. तारखेनुसार आधीच लावून ठेवलेली सूची, म्हणजे इंडेक्स, त्यामुळे सहसा निकामी होते, कारण सूची मूळ वेळेची आहे आणि तुम्ही विचारताय कापून घेतलेल्या तारखेबद्दल. ग्रंथालयात लेखकाच्या आडनावाने कपाटं लावलेली असताना ‘ज्यांच्या आडनावाचं शेवटचं अक्षर र आहे ती पुस्तकं द्या’ म्हटल्यासारखं होतं. प्रत्येक पुस्तक काढून पाहावं लागतं. लाखभर ओळींत ते खपून जातं. काही कोटी ओळी झाल्या की पडद्यावर चक्र फिरत राहतं.

दिवस कुठे संपतो हे कळलं. पण कोणाचा दिवस?

दादर स्टेशनला लागून पश्चिमेला फुलांचा बाजार आहे. त्याचा दिवस उजाडण्याआधीच भरात आलेला असतो. दसऱ्याला झेंडूचे ढीग पहाटे तीन-चारला खाली होतात. समजा तिथल्या एखाद्या व्यापाऱ्याने विक्रीच्या नोंदीसाठी मोबाइलवर वेब कार्यक्रम घेतला. बहुतेक सर्व्हर वेळ साठवतात ती जागतिक प्रमाणवेळेत, यूटीसीमध्ये, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा असतात. दसऱ्याच्या पहाटे साडेतीनला विकलेला झेंडू यूटीसीच्या कॅलेंडरात आदल्या रात्री दहाला विकला गेला. व्यापाऱ्याने ‘दसरा’ हा एक दिवस निवडून विक्री काढली आणि प्रोग्रामरने वेळेचं रूपांतर केलेलं नसेल, तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच ही त्याची सगळ्यात मोठी कमाई नवमीच्या नावावर जाते. दुसऱ्या दिवशीच्या पहाटेची किरकोळ विक्री मात्र दसऱ्यात मोडते. आकडा शून्य येत नाही, काहीतरी येतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. सकाळी दहाला दुकान उघडणाऱ्याला ही चूक आयुष्यभर कळणार नाही. रात्री जागणाऱ्या धंद्यांनाच ती छळते: फुलं, मासळी, दूध, वर्तमानपत्रं, रुग्णालयं.

रुग्णालयांचा विषय निघालाच आहे तर जन्मतारखेचं बोलू. परळच्या वाडिया प्रसूती रुग्णालयात किंवा केईएममध्ये पहाटे जन्मलेल्या बाळाची वेळ नोंदणं वेगळं आणि त्याची जन्मतारीख पुढे आयुष्यभर वापरणं वेगळं. जन्मतारखेला घड्याळ लावूच नये. लावलं की काय होतं? अर्जात १ जानेवारी निवडली, ब्राउझरने ती भारतातली १ जानेवारीची मध्यरात्र धरली, पाठवताना यूटीसीत बदलली, आणि साठवणारा तारखेपुढची वेळ टाकून मोकळा झाला. जपली गेली ३१ डिसेंबर. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षं पूर्ण झाली का ते ३१ डिसेंबरलाच मोजतात. एका रात्रीत मूल वर्षभर आधी शाळेत बसायला पात्र होतं, आणि दाखल्यावरची तारीख संगणकातल्या तारखेशी जुळत नाही ती नाहीच.

घड्याळाचं हे भांडण मुंबईला नवं नाही, आणि ते याच वस्तीत झालेलं आहे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती. सूर्य तोच, पाळी मात्र ३९ मिनिटं अलीकडे सरकणार होती. त्याच जानेवारीत परळच्या जेकब ससून मिलच्या हजारो कामगारांनी नव्या वेळेने काम करायला नकार दिला. ही गिरणी पुढे इंडिया युनायटेड मिल नंबर एक झाली. शहराची महापालिकाही अडून बसली आणि मुंबई वेळ तिने सोडली ती थेट १९५५ मध्ये. जवळजवळ पन्नास वर्षं या शहरात दोन घड्याळं चालली, रेल्वेचं एक आणि पालिकेचं एक.

आता आजच्या संगणकाकडे या. जगातल्या बहुतेक यंत्रांत कोणत्या गावी कोणत्या साली कोणती वेळ होती याची एक सामाईक फाइल असते. तिच्यात भारतासाठी एकच नोंद आहे, कोलकात्याच्या नावाची. कलकत्त्याची जुनी वेळ तिच्यात आहे, १९०६च्या आधीची मद्रास वेळ आहे, दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात घड्याळं तासभर पुढे केली होती तेही आहे. मुंबई वेळ नाही. हे कोणाला नडेल? पालिकेच्या घड्याळाने लिहिलेल्या जुन्या नोंदी जो संगणकात भरेल त्याला. समजा, एखाद्या बाळाच्या जन्माची वेळ मुंबई वेळेने १४ ऑगस्ट १९४७, रात्री साडेअकरा अशी लिहिली आहे. प्रमाणवेळेने तेव्हा १५ ऑगस्टचे बारा वाजून नऊ मिनिटं झाली होती. ‘१५ ऑगस्टपासून’ असा शोध लावला तर हे मूल स्वतंत्र भारतात जन्मलं की नाही? सलमान रश्दींच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’चा नायक त्याच रात्री मुंबईत बाराच्या ठोक्याला जन्मतो. कोणत्या घड्याळाचे बारा, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नाही, हे त्याचं नशीब. जुन्या नोंदींपुरता शहाणपणा इतकाच, की जे लिहिलंय ते लिहिलंय तसं जपावं, कोणत्या घड्याळाने लिहिलंय ते शेजारी नोंदवावं, आणि रूपांतर केलेली वेळ वेगळ्या रकान्यात ठेवावी.

तारीख लिहिण्याच्या तऱ्हांवर स्वतंत्र लेख होईल, इथे तीनच गोष्टी. पहिली, दिवस आधी की महिना. ३/४/१९८१ ही आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकन पद्धतीने शिकलेल्या प्रोग्रामला ४ मार्च. १३ तारखेपासून पुढे चूक उघडी पडते, कारण तेरावा महिना नसतो. पहिल्या बारा दिवसांत ती मुकाट्याने खपते. तारीख मजकूर म्हणून साठवली तर आणखी फजिती. ‘०२/०१/१९८२’ हा मजकूर ‘१५/१२/१९८१’च्या आधी लागतो, कारण यंत्र डावीकडून पाहतं आणि शून्य एकाच्या आधी येतो. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिलं की मजकूर म्हणूनही क्रम बरोबर लागतो. १९८८चं आंतरराष्ट्रीय मानक हेच सांगतं.

दुसरी, दोन आकडी वर्ष. गिरणीच्या कागदांवर ‘५२ साली जन्म’ असं सर्रास असतं. मायएसक्यूएल हा लोकप्रिय डेटाबेस दोन आकडी वर्ष ७० ते ९९ असेल तर ते विसाव्या शतकात टाकतो, ०० ते ६९ असेल तर एकविसाव्या. १९५२चा कामगार तिथे २०५२ मध्ये जन्मणार असतो. वयानुसार ज्येष्ठांची यादी काढली की तो त्यात कसा येईल? तरुणाचा जन्म ८४चा असेल तर तो बिनचूक बसतो. चूक फक्त म्हाताऱ्यांची होते, आणि अशा योजना बहुधा त्यांच्यासाठीच असतात.

तिसरी आपल्या खास घरची. ब्राउझरला भाषा मराठी सांगितली की तो तारीख आपण होऊन देवनागरी आकड्यांत दाखवतो. हिंदी सांगितली तर इंग्रजी आकड्यांत. मराठीचा हा मान सुखावणारा आहे. पण दाखवण्यासाठी बनवलेला तो मजकूर कुणी तसाच शोधासाठी पाठवला तर गोंधळ होतो, कारण जावास्क्रिप्टला देवनागरी १५ हा आकडा वाटतच नाही. पायथन ही दुसरी भाषा तो निमूटपणे पंधरा म्हणून वाचते. मराठी आवृत्ती काढली आणि तारखेचा शोध बंद पडला, तर खापर मराठीवर फोडू नये. चौकोनाची दर्शनी बाजू वेगळी आणि आतली किंमत वेगळी ठेवायची असते. ब्राउझरचा स्वतःचा तारखेचा चौकोन तेच करतो: दाखवतो तुमच्या पद्धतीने, पाठवतो वर्ष-महिना-दिवस.

शिवाय तारीख खरी असतेच असं कुठे आहे? महाराष्ट्रातल्या एका विशिष्ट पिढीची जन्मतारीख १ जून का, हे सांगायला नको. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जी लिहिली ती. वाढदिवसानुसार माणसं शोधणाऱ्या कोणत्याही तक्त्यात १ जूनला डोंगर उभा राहतो. दिवस अंदाजाचा आहे आणि वर्ष बहुधा बरोबर आहे, हे सांगायची सोय तक्त्यात असावी. बहुतेक तक्त्यांत ती नसते. तिथे १ जून म्हणजे १ जून.

दिवाळी अंकात लिहितोय तर दिवाळीबद्दलही. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. ‘गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरशी तुलना’ असं तयार बटण ज्या दुकानाच्या कार्यक्रमात असतं, तो २०२४च्या ऑक्टोबरात मालकाला लक्ष्मी प्रसन्न झाल्याचं सांगतो आणि नोव्हेंबरात दिवाळं निघाल्याचं. सणांवर चालणाऱ्या धंद्याला सणाच्या आधीचे पंधरा दिवस असा शोध हवा, आणि त्यासाठी सणांच्या तारखांचा वेगळा तक्ता लागतो. दादर-गिरगावातल्या कुठल्याही कापडवाल्याला हे सांगावं लागत नाही. कार्यक्रम लिहिणाऱ्याला सांगावं लागतं. दिवाळी अंकांची सूची करणाऱ्यांचीही हीच अडचण. का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला. त्याची तारीख काय टाकणार? अंकाला महिना नसतो, सण असतो. निमूटपणे १ नोव्हेंबर टाकून देण्यापेक्षा सुरुवात आणि शेवट अशा दोन तारखांची मुदत टाकणं प्रामाणिक.

जितकं मागे जावं तितकं हे वाढतं. शिवजन्माची राज्य सरकारने मानलेली तारीख १९ फेब्रुवारी १६३०, तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. १९ फेब्रुवारी ही त्या वेळच्या जुलियन कॅलेंडरातली. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियनमध्ये तो दिवस १ मार्च १६३०. पोस्टग्रेससारखे डेटाबेस सगळ्या काळाला ग्रेगोरियनच लावतात. त्यात १९ फेब्रुवारी भरली की यंत्राच्या हिशेबात जन्म दहा दिवस मागे सरकतो, आणि त्यावरून वार किंवा तिथी काढायला गेलं की काहीच जुळत नाही. उत्सव कोणत्या दिवशी करायचा हा वाद माणसांनी घालावा. डेटाबेसने मात्र मूळ नोंद, तिचं कॅलेंडर आणि रूपांतर हे तिन्ही वेगवेगळं ठेवावं.

पुन्हा गिरणगावाकडे. ज्यांच्या घरात आजोबांचे, वडिलांचे गिरणीचे कागद आहेत त्यांनी ते ट्रंकेतून काढून एकदा नीट पाहावेत. प्रत्येक कागदावर कोणती तारीख आहे आणि ती कशाची आहे, लागल्याची, पगाराची, हिशेबाची की पैसे मिळाल्याची, हे एका वहीत लिहून काढावं. १ जानेवारी १९८२च्या नंतरचा एकच कागद असेल तर त्याच्या दोन प्रती जास्त काढाव्यात. वर्ष नेहमी चार आकडी लिहावं. कुठल्याही कार्यालयाच्या पडद्यावर ‘नोंद सापडली नाही’ असं आलं तर तो निकाल समजू नये. तारखेचे दोन्ही चौकोन रिकामे ठेवून नुसत्या नावाने किंवा नंबराने पुन्हा शोधावं. तरीही नाही सापडलं, तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली लेखी विचारावं: माझ्या नोंदीत कोणकोणत्या तारखा भरल्या आहेत, त्यांतली कोणती रिकामी आहे, आणि अट कोणत्या तारखेला लावली? अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.